टेट्रापॉड टिकतो, गॅलरी का ढासळते?

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलं की पायांखाली टेट्रापॉड दिसतात. काँक्रीटचेच. भरती रोज दोनदा त्यांना झोडपते, पावसाळ्यात तर उसंतच नसते. त्यांना शेवाळ चढतं, कडा झिजतात, पण ठोकळा जागचा हलत नाही. आता दादर, माहीम, वर्सोवा, कुठल्याही जुन्या इमारतीच्या पश्चिमेकडच्या गॅलऱ्या पाहा. तिथे लाट कधी पोचलीसुद्धा नाही, तरी छज्जाच्या खालच्या अंगाचे पोपडे सुटलेले, आतल्या सळ्या उघड्या पडलेल्या, आणि खाली दोरी बांधून ‘येथे उभे राहू नये’ असा पुठ्ठा लटकवलेला.

फरक सळईचा आहे. टेट्रापॉडमध्ये साधारणपणे सळई घालत नाहीत. नुसतं काँक्रीट खाऱ्या पाण्यात बरीच वर्षं तग धरतं. आत पोलाद आलं की मग काँक्रीट फुटतं, कारण आतलं पोलाद फुगतं.

गेल्या काही वर्षांत काँक्रीटवरच्या संशोधनाच्या बातम्या भरपूर आल्या. रोमन लोकांचं काँक्रीट आपोआप कसं सांधतं, जिवाणू भेगा कसे बुजवतात, भाजलेल्या मातीचं सिमेंट कसं बनतं. संशोधन खरं आहे, बातम्याही बऱ्याचशा बरोबर आहेत. पण त्या बहुतेक सिमेंटबद्दल असतात, आणि मुंबईतल्या सोसायटीचं दुखणं सळईचं असतं. कुठलं संशोधन आपल्या पिलरच्या कामाचं आणि कुठलं नाही हे ओळखायचं, तर आधी पिलरच्या आत काय चाललंय ते बघावं लागेल.

सळईचं चिलखत आणि ते मोडण्याचा पहिला मार्ग

सिमेंटमध्ये पाणी पडलं की दोन गोष्टी तयार होतात. एक चिकट पदार्थ, जो वाळू आणि खडी धरून ठेवतो. आणि दुसरा चुना. या चुन्यामुळे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतलं पाणी कमालीचं अल्कधर्मी होतं, पीएच १२.५ ते १३च्या आसपास. इतक्या अल्कधर्मी पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतो, जाडी फक्त काही नॅनोमीटर. हा पापुद्रा शाबूत असेपर्यंत ओल आणि हवा दोन्ही असूनही सळई जवळजवळ गंजत नाही. रंग नाही, लेप नाही. संरक्षण मिळतं ते या पापुद्र्याचं.

तो मोडायचे मार्ग दोन. पहिला कार्बोनेशनचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांमधून आत शिरतो, चुन्याला भेटतो आणि त्याची चुनखडी करून टाकतो. पीएच ९च्या खाली उतरतो, पापुद्रा विरघळतो. ही क्रिया पृष्ठभागापासून सुरू होऊन एखाद्या आघाडीसारखी आत सरकत जाते, आणि ती कुठवर आली हे डोळ्यांनी पाहता येतं. त्यासाठी लागतं फिनॉल्फ्थॅलिन, शाळेच्या प्रयोगशाळेतलं. अल्कोहोलमधलं त्याचं एक टक्क्याचं द्रावण ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारायचं. जिथे चुना शिल्लक आहे तिथे ते क्षणात गडद गुलाबी होतं, जिथे संपलाय तिथे रंगच येत नाही. पृष्ठभागापासून गुलाबी रेषेपर्यंत पट्टी लावून पाच-सहा ठिकाणी अंतर मोजायचं आणि सळई किती खोल आहे त्याच्याशी ताडून पाहायचं. बिनरंगी पट्टा २५ मिमी आणि सळई २० मिमीवर, म्हणजे त्या सळईचं चिलखत गेलेलं आहे.

इतकी सोपी चाचणीसुद्धा बिघडवता येते. ड्रिल मारल्यावर भोकातली भुकटी फुंकून काढली नाही तर आतली अल्कधर्मी धूळ बाहेरच्या भागावर बसते आणि सगळंच गुलाबी दिसतं. फोडलेला तुकडा उघड्यावर पडून राहिला तर हवा त्याच्यावर काम करते आणि निकाल उलट्या बाजूला चुकतो. म्हणून फोडायचं, पुसायचं आणि तिथल्या तिथे फवारायचं.

कार्बोनेशन कुठे वेगाने होतं, याचं उत्तर मुंबईकरांना जरा अनपेक्षित वाटेल. पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीत ते हळू होतं. छिद्रं पाण्याने भरलेली असली की वायूला आत शिरायला वाट उरत नाही. छिद्रं अर्धवट कोरडी असताना, म्हणजे आर्द्रता साधारण ५० ते ७० टक्के असताना, ते सर्वांत जोरात चालतं. म्हणजे घरातल्या कोरड्या छताला ते जास्त. पण नुसत्या कार्बोनेशनने गंज धरत नाही, गंजायला पाणी हवंच. दोन्ही एकत्र कुठे येतात? न्हाणीघराच्या छतात. खालून वर्षानुवर्षं घरातली हवा लागून कार्बोनेशन झालेलं, आणि वरच्या मजल्याच्या न्हाणीतून पाणी झिरपायला लागलेलं. इमारतीत स्लॅबचे पोपडे पडायची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. वरच्या मजल्याची गळती न थांबवता खालचं छत दुरुस्त करणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी वरचा आणि खालचा यांचं भांडण मिटेपर्यंत तेच होत राहतं.

दुसरा मार्ग: मीठ

समुद्राकाठी खरा शत्रू क्लोराइड. खारा वारा सूक्ष्म थेंब आणून पृष्ठभागावर सोडतो. किनाऱ्यापासूनच्या पहिल्या काहीशे मीटरमध्ये त्याचं प्रमाण झपाट्याने उतरतं, म्हणून पहिल्या रांगेतली इमारत आणि दोन गल्ल्या आतली इमारत यांचं आयुष्य वेगळं असतं. पण मीठ बाहेरूनच येतं असं नाही. खाडीची न धुतलेली वाळू, खारं बोअरचं किंवा टँकरचं पाणी, आणि टाइल चकचकीत करायला ओततात ते ॲसिड. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, म्हणजे आम्ल आणि क्लोराइड एकाच बाटलीत. टाइलच्या सांध्यांतून ते खाली स्लॅबमध्ये जातं.

आयएस ४५६:२००० या भारतीय मानकानुसार सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, आणि तयार काँक्रीटमध्ये एकूण क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोच्या आत. आता हिशेब करू. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. घनमीटरभर काँक्रीटला १८० लिटर पाणी धरलं आणि ते सगळं समुद्राचं असलं, तर ३.४ किलो क्लोराइड पहिल्या दिवशीच आत, मर्यादेच्या साडेपाच पटींहून जास्त. निम्मं खारं पाणी मिसळलं तरी मर्यादा ओलांडली जाते. अशा इमारतीला बाहेरून कितीही रंग मारा, मीठ आधीच पोटात आहे.

क्लोराइडची चाल कार्बोनेशनपेक्षा कावेबाज. ते सगळा चुना संपवत बसत नाही. पीएच १३ असतानाही पापुद्र्यात एखाद्या ठिकाणी भोक पाडतं. तिथे लोखंड विरघळायला लागतं, त्या खड्ड्यातलं पाणी आम्लधर्मी होतं, आणखी क्लोराइड ओढलं जातं. आणि यात क्लोराइड खर्च होत नाही. तेच पुन्हा पुन्हा कामाला येतं. आजूबाजूची निरोगी सळई बॅटरीच्या दुसऱ्या टोकासारखी वागते आणि त्या इवल्या खड्ड्याला गंजायला जोर पुरवते. कार्बोनेशनने सळई सगळीकडून सारखी गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, काँक्रीटला भेग पडते, म्हणजे निदान कळतं तरी. क्लोराइडचा खड्डा खोल जातो. ऑक्सिजन कमी असेल तिथे काळसर, फारसा न फुगणारा गंज होतो, आणि वर भेग नसताना आत सळई पेन्सिलीसारखी तासली गेलेली सापडते. फिनॉल्फ्थॅलिनला हे दिसत नाही. गुलाबी रंग पाहून कमिटीने निर्धास्त होऊ नये ते यासाठी.

मग किती क्लोराइड झालं की गंज सुरू? पाठ्यपुस्तकं सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के हा आकडा देतात. आता झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात असलेले उएली आंग्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जगभरच्या प्रयोगांतले आकडे एकत्र मांडले, तर एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कित्येक पटींचा फरक. कारणं शोधल्यावर लक्षात आलं की गंज कुठे सुरू होणार हे काँक्रीटच्या सरासरीवर ठरत नाही. सळईला चिकटून एखादी हवेची पोकळी आहे का, पृष्ठभागावर जुना गंज होता का, तिथे ओल किती, यावर ते ठरतं. शिवाय नमुना जितका मोठा, तितक्या कमी क्लोराइडला गंज लागलेला दिसतो. पाच खोल्यांच्या चाळीत गळका नळ असेलच असं नाही, पन्नास खोल्यांच्या चाळीत असतोच, तसं. प्रयोगशाळेतली सळई हातभर, इमारतीतली काही किलोमीटर. २०२२ साली आंग्स्ट आणि इतर काही संशोधकांनी पुढचं पाऊल टाकून लिहिलं की एकच उंबरठा-आकडा धरून भाकीत करण्याची पद्धतच मागे सोडायला हवी. तुमच्या ऑडिट अहवालात ‘क्लोराइड मर्यादेत, चिंता नसावी’ असं एका नमुन्यावरून लिहिलेलं असेल, तर त्या वाक्याला फार टेकू नका.

चाळीस मिलिमीटरची गोष्ट

सळईच्या बाहेरचं जे काँक्रीट, त्याला साइटवर कव्हर म्हणतात. सगळा खेळ त्याचा. मीठ काय किंवा कार्बन डायऑक्साइड काय, आत सरकतं ते काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने. मीठ २० मिमी आत यायला १० वर्षं लागत असतील, तर त्याच काँक्रीटमध्ये ४० मिमीला साधारण ४० वर्षं लागतात. अंतर दुप्पट, वेळ चौपट. आणि कव्हर सरकून १० मिमी राहिलं, तर अडीच वर्षं. छज्जे आधी का जातात याचं बरंचसं उत्तर इथेच आहे. पातळ फळी, तिच्यात वर-खाली कव्हर द्यायला जागाच नाही, आणि ऊन, पाऊस, वारा दोन्ही अंगांनी.

आयएस ४५६ किनारी हवेला ‘सिव्हिअर’ गटात टाकतं. कव्हर ४५ मिमी, काँक्रीट किमान एम३० (हा ताकदीचा दर्जा), घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी सिमेंटच्या ०.४५ पटींहून जास्त नको. लाटांचे तुषार थेट बसत असतील तर ५० मिमी आणि एम३५. आकडे स्पष्ट आहेत. साइटवर ते कसे घसरतात ते बघा. ३२० किलो सिमेंटला ०.४५ने १४४ लिटर पाणी. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, माल घट्ट झाला, पंप ओढेना, म्हणून कुणीतरी घनमीटरमागे २० लिटर पाणी सोडलं. झालं ०.५१. जे पाणी सिमेंटशी संयोग करत नाही ते पुढे सुकून जातं आणि मागे छिद्रांची वाट ठेवतं. पंप चालावा म्हणून पाणी नव्हे, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वाढवायचा असतो, तोही आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटच्या माणसाला विचारून.

दुसरं, कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई शटरिंगपासून दूर धरणारा ठोकळा. साइटवर उरलेल्या मॉर्टरची पोळी पसरून थापीने चौकोन कापायचे, त्यांना क्युअरिंग शून्य. असा ब्लॉक आजूबाजूच्या काँक्रीटपेक्षा भुसभुशीत असतो आणि मिठाला थेट सळईपर्यंत नेणारा बोगदा बनतो. त्याच्याऐवजी संगमरवराचा तुकडा, फुटकी टाइल, खडीचा दगड ठेवलेलाही पाहायला मिळतो. त्यावर काँक्रीट ओतणारी माणसं चालतात, तुकडा घसरतो, सळई शटरिंगला टेकते. इमारतीच्या काँक्रीटच्याच दर्जाचे, घट्ट कारखानी ब्लॉक मिळतात आणि सबंध खर्चात त्यांची किंमत नगण्य असते. तिसरं, क्युअरिंग. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲश (वीजकेंद्रातली कोळशाची राख) किंवा स्लॅगच्या (लोखंडाच्या भट्टीतली मळी) सिमेंटला किमान १०. पिलरला गोणपाट गुंडाळून ते सतत ओलं ठेवणं म्हणजे क्युअरिंग. सकाळ-संध्याकाळ पाइपने फवारा मारणं म्हणजे नाही. आणि सुकतं आधी काय? बाहेरचे तेच ४० मिमी.

तपासणीत काय बघायचं

मुंबई महानगरपालिकेच्या कायद्याचं कलम ३५३-ब सांगतं की ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घ्यायची. अहवालावरून इमारत सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी, मोठ्या दुरुस्तीची सी-२, किंवा किरकोळ दुरुस्तीची सी-३ अशा वर्गात जाते. अहवालात अल्ट्रासोनिक वेगाचे तक्ते पानंच्या पानं असतात. सेकंदाला ४ किमीच्या वर वेग आला की काँक्रीट भरीव आहे असं समजायचं, एवढंच. सळई गंजते आहे का, हे तो वेग सांगत नाही.

ते सांगते हाफ-सेल चाचणी, आणि ती होत असताना कमिटीतल्या एखाद्याने शेजारी उभं राहावं. आधी कव्हर मीटरने सळई शोधतात. एका जागी काँक्रीट फोडून सळई उघडी करतात, कानशीने घासून पांढरी चमक आणतात आणि तिला वायरचा चिमटा लावतात. वायर जाते व्होल्टमीटरला. मीटरच्या दुसऱ्या टोकाला एक नळी, तिच्यात तांब्याची कांडी आणि मोरचुदाचं संपृक्त द्रावण, तोंडाशी ओला स्पंज. पृष्ठभाग ओला करून अर्धा ते एक मीटरच्या जाळीवर स्पंज टेकवत आकडे टिपायचे. उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्के, उणे ३५०च्या पलीकडे गेला तर गंज असण्याची शक्यता ९० टक्के, मधलं सगळं अनिश्चित.

चुकतं कुठे? ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफिंगच्या थरावरच स्पंज टेकवला तर आकडा निरर्थक. चिमटा लावलेली सळई आणि मोजायची सळई आतून जोडलेल्याच नसतील तरी निरर्थक. त्यासाठी दोन ठिकाणी सळई उघडी करून त्यांच्यातला रोध एक ओहमच्या आत आहे का बघतात, आणि हीच पायरी घाईत गाळली जाते. चिंब भिजलेल्या पायातल्या काँक्रीटमध्ये ऑक्सिजन नसल्यामुळे आकडा खूप ऋण येतो, पण गंज नसतो. म्हणून एकेका आकड्यापेक्षा नकाशा पाहायचा. हातभर अंतरात आकडा उणे १५० वरून उणे ४०० वर घसरला, तर त्या खड्ड्याच्या जागी काहीतरी शिजतंय.

क्लोराइडसाठी एकाच खोलीची भुकटी घेऊन चालत नाही. ० ते १०, १० ते २०, २० ते ३० मिमी, असं सळईच्या मागेपर्यंत थराथराने ड्रिल करून प्रत्येक थराची भुकटी वेगळ्या पिशवीत. आकडे आत जाताना उतरत गेले तर मीठ बाहेरून आलं. बाहेरून लेप देण्यात अर्थ आहे. सगळ्या खोलीला सारखेच निघाले तर ते वाळू-पाण्यातून आलं, आणि लेपाने फार साधणार नाही. अगदी बाहेरचा थर पावसाने धुतलेला असतो, त्यामुळे तो एकटा पाहून निष्कर्ष काढायचा नाही.

ठिगळाच्या शेजारी नवा गंज

दुरुस्तीची नेहमीची रीत अशी: हातोडीने ठोकून बद्द आवाज येणारा भाग शोधा, तो फोडा, सळई ब्रशने घासा, झिंक प्रायमर, बाँड कोट (जुन्या काँक्रीटला नवा माल चिकटवणारा थर), पॉलिमर मॉर्टर, रंग. दोन-तीन वर्षांनी त्याच ठिगळाच्या कडेने नवी भेग. कंत्राटदाराने माल खराब वापरला असा समज होतो. कधी तो खराही असतो. पण माल उत्तम असला तरी हे होऊ शकतं, आणि त्याचं कारण नीट अभ्यासलं गेलेलं आहे.

ठिगळाच्या आधी ती गंजणारी जागा स्वतः गंजत होती आणि तसं करताना शेजारच्या सळईला, नकळत, वाचवत होती. बॅटरीत एक टोक झिजतं, दुसरं टिकतं. आपण झिजणारं टोक काढून तिथे नवं, अल्कधर्मी, मीठरहित मॉर्टर भरलं. आता तो भाग टिकणारं टोक झाला. शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ आहेच; आजवर दबून राहिलेली तिथली सळई आता झिजणारं टोक बनते. परिणामी ठिगळाभोवती गंजाचं कडं.

याला उपाय दोन. फोडाफोड पोपड्यापुरती न ठेवता मीठ भरलेला भाग संपेपर्यंत न्यायची, आणि सळईच्या पुढूनच नव्हे तर मागून २० ते २५ मिमी पोकळ करायची, म्हणजे नवा माल तिला चारी अंगांनी कवटाळेल. अर्धवट गाडलेली सळई ठेवली तर एकाच सळईला दोन स्वभावांची काँक्रीटं मिळतात, म्हणजे बॅटरी आयतीच. कडा कटरने सरळ कापायच्या. पातळ होत गेलेल्या कडा सुकून उचकटतात. दुसरा उपाय जस्ताचा. मूठभर आकाराची जस्ताची गोटी खास अल्कधर्मी मॉर्टरमध्ये गुंडाळून येते, ती ठिगळाच्या कडेलगत सळईला तारेने आवळून बांधतात. लोखंडाऐवजी जस्त झिजतं. तार आणि सळई यांचा धातूला धातू लागायला हवा. गंजक्या सळईवर किंवा झिंक प्रायमरच्या थरावर बांधलेली गोटी फक्त शोभेची. बांधून झाल्यावर मल्टिमीटरने जोडणी तपासायला एक मिनिट लागतं.

बाँड कोटबद्दल एक सूचना. तो चिकट असतानाच मॉर्टर चढलं पाहिजे. सकाळी पाच पिलरांना कोट मारून दुपारी जेवून मॉर्टर भरायला घेतलं, तर मधे वाळलेला थर चिकटवत नाही, सोडवतो. पॉलिमर मॉर्टर एका वेळी साधारण १० ते १२ मिमीच्या थरात. जास्त जाडी असेल तर शटरिंग लावून मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं, ओतता येणारं काँक्रीट. आणि भार सहन करणाऱ्या पिलरला हात लावण्यापूर्वी टेकू. कुठे, किती, हे अभियंत्याने लिहून द्यायचं.

बातम्यांमधलं काँक्रीट

जानेवारी २०२३मध्ये एमआयटीतले संशोधक अॅडमिर माशिच यांच्या गटाचा रोमन काँक्रीटवरचा शोधनिबंध गाजला. इटलीतल्या प्रिव्हर्नम इथल्या दोन हजार वर्षांच्या नमुन्यांत चुन्याचे पांढरे कण होते. आजवर लोक त्यांना नीट न मळल्याची खूण समजत. या गटाने दाखवलं की रोमन लोक कळीचा चुना तसाच गरम मिसळत असावेत. भेग पडून पाणी शिरलं की ते कण विरघळतात आणि भेग चुनखडीने बुजवतात. त्याच पद्धतीच्या नमुन्यात अर्ध्या मिलिमीटरची भेग दोन आठवड्यांत बंद झाली. काम सुंदर आहे. पण रोमन काँक्रीटमध्ये सळई नव्हती. टेट्रापॉडचेच ते थोरले भाऊ. त्यावरून ‘आमच्या स्लॅबला रोमन पद्धत वापरा’ असं म्हणता येत नाही.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हेंक याँकर्स यांच्या जिवाणूंच्या काँक्रीटचंही तसंच. सुप्त बीजाणू आणि त्यांचं खाद्य काँक्रीटमध्ये घालायचं. भेगेतून पाणी आलं की ते जागे होऊन चुनखडी तयार करतात. २०११च्या प्रयोगात १०० दिवसांत ०.४६ मिमीपर्यंतच्या भेगा बुजल्या, साध्या नमुन्यात ०.१८ मिमीपर्यंतच्या. नमुने १०० दिवस पाण्यात बुडवलेले होते, हे बातमीत राहून जातं. पाण्याच्या टाकीला, तळघराच्या भिंतीला हे उपयोगाचं. गंजलेल्या सळईने आतून फोडलेल्या पिलरला नाही. तिथे भेग रोज रुंदावतेच आहे, जिवाणू किती बुजवतील?

मुंबईला सर्वांत जवळचं संशोधन म्हणजे एलसी-थ्री. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या कॅरेन स्क्रिव्हनर, क्युबातले फर्नांडो मार्तिरेना आणि भारतातल्या आयआयटींचे गट यांनी वाढवलेलं हे सिमेंट. नेहमीचा मिश्रणाचा हिशेब: ५० टक्के क्लिंकर (भट्टीत भाजलेले गोळे, जे दळून साधं सिमेंट होतं), ३० टक्के भाजलेली केओलिनयुक्त माती, १५ टक्के चुनखडी, ५ टक्के जिप्सम. क्लिंकरला १४५० अंश सेल्सिअस लागतात, मातीला ७०० ते ८५०. शिवाय माती भाजताना चुनखडीसारखा कार्बन डायऑक्साइड सुटत नाही, त्यामुळे उत्सर्जन ३० टक्क्यांच्या आसपास घटतं. २०२३ साली त्यासाठी आयएस १८१८९ हे भारतीय मानकही आलं.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं असं की त्याची छिद्रं फार बारीक होतात आणि मीठ आत सरकण्याचा वेग बराच घटतो. पण हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला दोन गोष्टी आहेत. चुना कमी असल्यामुळे कार्बोनेशन जास्त वेगाने होतं. आणि आयआयटी मद्रासच्या चाचण्यांत गंज सुरू व्हायला लागणारं क्लोराइडही साध्या सिमेंटपेक्षा कमी निघालं; तरी मीठ पोचायलाच इतका उशीर लागतो की एकूण आयुष्य जास्त येतं. म्हणजे समुद्राकडच्या पिलरला फायदा, आणि आतल्या छताला कव्हर व क्युअरिंगमध्ये कसूर चालणार नाही. त्याला प्लास्टिसायझर जास्त लागतो. मातीत लोह असेल तर सिमेंटला तांबूस छटा येते. ती भेसळ नव्हे. रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायटीला हे सिमेंट मिळालं नाही तरी स्लॅगचं सिमेंट मिळतं, आणि मिठापुढे तेही साध्यापेक्षा बरंच सरस.

सळईवरच्या लेपांचंही संशोधन वाचण्याजोगं. इपॉक्सी लेपाची हिरवी सळई कागदावर उत्तम. पण साइटवर ती ट्रकमधून आपटत उतरते, वाकवताना लेप ओरखडतो, महिनोन् महिने उन्हात पडून तो तडकतो. आयआयटी मद्रासच्या अभ्यासात अशा ओरखडलेल्या आणि उन्हात तापलेल्या लेपाखाली गंज धरलेला दिसला. सिमेंट-पॉलिमरचा लेप गंजलेल्या सळईवर तसाच फासला तरी तेच. लेपाचा पैसा द्यायचा असेल तर सळई सँडब्लास्ट करून लगेच लेप, ताडपत्रीखाली साठवण, आणि ओरखड्यांवर डागडुजी, हे सगळं टेंडरमध्ये वेगवेगळ्या ओळींत लिहिलेलं हवं. एकाच ओळीत ‘कोटेड बार’ लिहिलं की फक्त रंग येतो.

त्याच संस्थेची आणखी एक सोपी युक्ती. टीएमटी सळईचा बाहेरचा थर कडक आणि गाभा मऊ असतो. सळई आडवी कापून, तोंड गुळगुळीत घासून, अल्कोहोलमधल्या सौम्य नायट्रिक ॲसिडच्या द्रावणात बुडवली की कडेला गडद कडं उमटतं. ते सलग आणि सारख्या जाडीचं हवं. एका बाजूला तुटलेलं किंवा भलतीकडे सरकलेलं दिसलं तर ती सळई वाकवताना तडकू शकते, आणि तडकलेल्या जागी मीठ आधी घर करतं. ॲसिडचं काम आहे, त्यामुळे हातमोजे आणि प्रयोगशाळा हवी. पण प्रत्येक नव्या गाडीमागे एक तुकडा पाठवणं अवघड नाही.

स्टेनलेस सळई सर्वांत महाग. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो बंदराचा लांबलचक धक्का १९३७ ते १९४१ दरम्यान तिने बांधला. उष्ण, दमट, खारी हवा, आपल्यासारखीच. तो अजून उभा आहे; शेजारी नंतर साध्या सळईने बांधलेला धक्का केव्हाच ढासळला, त्याचे खांबच तेवढे उरले. अर्थात सगळी इमारत स्टेनलेसने बांधायचा प्रश्न येत नाही. पुलांवर ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खांबांपुरती वापरतात. किनाऱ्यावरच्या इमारतीत तोच न्याय लावायचा तर पश्चिमेचे छज्जे आणि गॅलऱ्यांच्या कडा एवढ्यापुरती. तिथे ४५ मिमी कव्हर द्यायला फळीत जागाच नसते.